हत्तीला बिथरू द्या : नियम समितीला खुलं पत्र

प्रति,
नियम समितीचे सभासद,
आणि रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कुडाळ इथले आपले सगळे खेळगडी,

सप्रेम नमस्कार.

प्राचीन लढायांच्या आपल्या खेळासाठी समितीने केलेला नवा मसुदा मी पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला. दिवाळीनंतरच्या मेळाव्यात तो मंजुरीला येणार आहे. मेहनत भरपूर घेतलीय, हे पानोपानी दिसतं. तरीही माझा या मसुद्याला विरोध आहे आणि तो मी चारचौघांसमोर मांडतोय, कारण नियम एकदा ठरले की पुढे कितीतरी वर्षं आपण आणि आपल्याकडे नव्याने येणारी पोरं त्याच नियमांनी खेळणार.

माझं म्हणणं असं, की मसुद्यात हिशेब वाढलाय आणि बेभरवसा घटलाय. ऐतिहासिक अस्सलपणा हवा असेल तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

खेळाबाहेरचीही माणसं हे पत्र वाचतील, म्हणून थोडं सांगतो. १५ मिमी उंचीचे रंगवलेले सैनिक ४० मिमी रुंदीच्या बेसवर चिकटवायचे, प्लायवुडच्या टेबलावर जांभ्याच्या कपच्यांच्या टेकड्या आणि काथ्याचं गवत मांडायचं, आणि फासे टाकून कॅनी, झामा किंवा झेलमकाठची लढाई पुन्हा लढायची. कोणती तुकडी किती चालेल, धडक बसल्यावर कोण मागे हटेल, कोण पळत सुटेल, हे नियम ठरवतात. म्हणजे त्या लढाया कशामुळे जिंकल्या-हरल्या गेल्या याबद्दलचं आपलं मत त्या नियमांत लिहिलेलं असतं. म्हणूनच मला त्यांची एवढी काळजी वाटते.

आपल्या गटात दोन मतं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. काहींना अस्सलपणा हवा, काहींना सुटसुटीत डाव हवा. समितीने दोघांचंही समाधान करायचं ठरवलं. पहिल्या बाजूला चिलखताचे सहा दर्जे दिले, ढालीचा वेगळा गुण दिला, प्रत्येक तिरंदाज तुकडीच्या बाणांची मोजदाद दिली, दर चालीला वाढत जाणारी दमणूक दिली. दुसऱ्या बाजूला, म्हणजे स्पर्धा खेळणाऱ्यांना, हत्ती बिथरण्याचा नियम काढून दिला आणि चालीत किती तुकड्या हलवता येतील हे ठरवणारा हुकमाचा फासाही काढून दिला. त्यामुळे डाव जड झाला आणि ज्या गोष्टींमुळे तो प्राचीन लढाईसारखा वाटायचा त्याच निघून गेल्या. म्हणजे दोन्ही बाजूंचं नुकसान झालं.

आता आधी तक्त्यांविषयी.

इ.स.पू. ३२६मधली अलेक्झांडर आणि पोरसाची झेलमकाठची लढाई घ्या. आपल्याकडे सगळ्यात जास्त खेळली जाणारी लढाई हीच. पोरसाकडे हत्ती किती होते? प्राचीन ग्रीक-रोमन इतिहासकारांपैकी एरियन २०० म्हणतो, डायोडोरस १३०, कर्टियस ८५. तिघांनीही लढाईनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी किंवा त्याहून उशिरा लिहिलंय. एरियन आणखी सांगतो की दोन हत्तींमध्ये निदान शंभर फुटांचं अंतर होतं. २०० हत्ती शंभर-शंभर फुटांवर उभे केले तर रांग वीस हजार फुटांची होते, म्हणजे सहा किलोमीटर! एवढ्या रांगेमागे ३०,००० पायदळ कसं पुरणार, आणि ती रांग बगलेवरून मोडायला अलेक्झांडरच्या घोडदळाला किती वेळ लागणार, याचा हिशेब कुणीही घरी बसून करावा. मुळात हत्तींचाच आकडा ८५ ते २०० असा हलतोय आणि आपला मसुदा मात्र भारतीय तिरंदाजाच्या ढालीला अर्धा गुण कमी द्यायचा की पाव गुण, यावर दीड पान लिहितो. तो पाव गुण कुठल्याही ऐतिहासिक साधनात नाही. तो आपण आपल्या मनाने घातलाय, आणि तक्त्यात बसल्यामुळे तो पुराव्यासारखा दिसतो. ज्याला आपण तपशील म्हणतोय तो बराचसा अंदाजच आहे, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

मग साधनं कशाबद्दल भरभरून बोलतात? सेनापतींनी काय ठरवलं, याबद्दल. अलेक्झांडर रोज रात्री नदीकाठाने घोडदळ इकडून तिकडे पळवतो, आरडाओरडा करवतो; पोरस प्रत्येक वेळी हत्ती घेऊन समोर येतो आणि शेवटी कंटाळून यायचं सोडतो. मग अलेक्झांडर वादळी पावसाच्या रात्री वरच्या अंगाला नदी ओलांडतो. मागे तळावर आपला सरदार क्रेटरस याला ठेवतो आणि त्याला हुकूम देतो, की पोरस सगळे हत्ती माझ्यावर घेऊन आला तर तू नदी पार कर, थोडेही हत्ती इथे राहिले तर हलू नकोस. कारण हत्ती समोर दिसले तर घोडे तराफ्यांवरून काठावर उतरणार नाहीत. पोरसाचा मुलगा रथ घेऊन धावतो आणि रथ चिखलात रुततात. अलेक्झांडरचा सरदार सीनस घोडदळ घेऊन लांबून वळसा घालतो आणि पिछाडीवर कोसळतो. शेवटी माहूत मारले गेलेले, जखमी, कोंडलेले हत्ती आपलं-परकं न बघता सगळ्यांना तुडवत सुटतात.

यातल्या प्रत्येक गोष्टीचा नियम करता येतो, आणि प्रत्येक नियम एका ओळीत मावतो. मसुद्यात यातली एकही गोष्ट नाही.

चिपळूणला याच लढाईवर मसुद्याची चाचणी झाली. मी पोरसाच्या बाजूने बसलो होतो. सात बेस तिरंदाजांचे, प्रत्येकाच्या बाणांची खूण वेगळ्या कागदावर, दमणुकीचे मणी वेगळे, त्यात पावसाळी हवेने तक्त्यांचे कागद मऊ पडून एकमेकांना चिकटलेले. हत्तींची धडक बसली तेव्हा गुणांची बेरीज करायला आम्ही दोघं जाणती माणसं तक्त्यांची चार पानं उलटत बसलो, आणि उत्तर आलं ते जुन्या नियमांत एका फाशात यायचं तेच. संध्याकाळ संपेपर्यंत तीन चाली झाल्या. कुडाळहून काकांबरोबर आलेला अकरावीतला मुलगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता. त्याने हळूच विचारलं, “काका, ह्यात लढाई खंय असा?” त्याला उत्तर देता आलं नाही, कारण तोवर शेवटच्या एसटीची वेळ झाली होती आणि मंडळी आवराआवर करत होती. क्रेटरससमोर किती हत्ती ठेवायचे हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही त्या संध्याकाळी विचारला नाही. पोरसासाठी त्या दिवशीचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता. बाण मोजणं हे पोरसाचं काम नव्हतं. ते तिरंदाजांच्या नायकाचं काम होतं, आणि आम्ही दिवसभर त्या नायकाची जागा चालवत बसलो.

या वाटेने आपल्या आधीही लोक गेलेत. १८२४मध्ये प्रशियात राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याचा ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ सैन्यात रुजू झाला. नकाशा, मोजपट्ट्या, फासे, नुकसानीचे तक्ते, सगळं त्यात होतं. पण तक्त्यांच्या ओझ्याने अधिकारी वैतागले, आणि १८७६मध्ये व्हेर्डी दु व्हेरनुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मोकळा प्रकार मांडला. ही माणसं खऱ्या लढाया लढलेली होती. त्यांना अस्सलपणाची पर्वा नव्हती असं कोण म्हणेल? आपल्या खेळातही तेच झालं. इंग्लंडच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९मध्ये प्राचीन लढायांचे नियम काढले. पुढच्या आवृत्त्यांत टेबलावरची एक फिगर म्हणजे वीस खरी माणसं धरून शस्त्रागणिक आणि चिलखतागणिक तक्ते वाढत गेले. आणि त्याच गटाने, फिल बार्कर यांचा हात असलेल्या त्याच लेखणीने, १९९०मध्ये डीबीए नावाचे सुटसुटीत नियम काढले. प्रत्येक बाजूला फक्त बारा बेस, आणि प्रत्येक चालीत किती तुकड्या हलवता येतील हे एका फाशावर. मला डीबीए सगळंच पटतं असं नाही. रथांना आणि हलक्या घोडदळाला त्यात न्याय मिळत नाही असं माझं मत आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं तक्ते लिहिले तेच शेवटी तिथे का पोचले, याचा विचार समितीने करायला हवा होता.

तपशील वाया जातो असं मी म्हणत नाहीय. उलट, तो पचवून एका आकड्यात उतरवावा लागतो, आणि त्यासाठी जास्त वाचन लागतं. मॅसिडोनी फॅलँक्सचं, म्हणजे भालाईतांच्या दाट रचनेचं उदाहरण घ्या. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने फार नेमकं लिहून ठेवलंय. सोळा ओळी खोल रचना, सहा मीटरच्या आसपास लांब सरिसा भाले, पहिल्या ओळीपुढे पाच ओळींची टोकं आलेली. प्रत्येक सैनिकाला तीन फुटांची जागा. रोमन सैनिकाला तलवार फिरवायला त्याच्या दुप्पट जागा लागते, म्हणून एका रोमनासमोर दोन माणसं आणि दहा भाल्यांची टोकं येतात. हे सगळं वाचून नियम काय लिहायचा? समोरून, सपाट जमिनीवर फॅलँक्सला मोठा गुण. जमीन उंचसखल झाली किंवा बगलेवरून कुणी आलं की तो गुण जातो. इ.स.पू. १६८मध्ये पिडनाच्या लढाईत हेच झालं. पुढे रेटत गेलेली फॅलँक्स खडबडीत जमिनीवर पोचली, ओळींत फटी पडल्या, आणि त्या फटींतून रोमन आत घुसले. पॉलिबियसचं पान आणि पिडनाचा निकाल दोन्ही या एका नियमात येतात. खेळणाऱ्याला मात्र एकच गोष्ट लक्षात ठेवायची : आपली रांग टेकडीकडे जाऊ द्यायची नाही. तिथे हरलेला मॅसिडोनचा राजा पर्सियस, त्यालाही तेवढंच लक्षात ठेवायचं होतं.

आणि हा परदेशी उपद्व्याप आहे असं कुणाला वाटत असेल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. दहाव्या अधिकरणात तो सांगतो की एका घोडेस्वाराला तीन पायदळ सैनिक, आणि एका रथाला किंवा हत्तीला पंधरा पायदळ किंवा पाच घोडेस्वार तोडीस तोड धरावेत. कोणत्या सैनिकाची ढाल किती जड, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. सेनापतीला ज्या मापात विचार करावा लागतो ते माप त्याने दिलं. आपल्या भारतीय सैन्यांच्या यादीसाठी यापेक्षा चांगला पाया मला दिसत नाही.

आता हत्ती. स्पर्धा खेळणाऱ्या मित्रांची तक्रार मला कळते. सावंतवाडीहून पहाटेची गाडी पकडून माणूस येतो आणि दुसऱ्याच चालीला एका फाशाने त्याचे दोन हत्ती त्याच्याच पायदळात घुसतात, डाव संपतो. चीड येणारच. पण म्हणून हत्ती नेहमी सांगेल तिकडेच जातो असं ठरवलं तर तो बुद्धिबळातला हत्ती झाला. बुद्धिबळ मला प्रिय आहे, पण तो खेळ चतुरंगातून निघून कधीच संपूर्ण ताब्याचा खेळ झाला. तिथे कुणी घाबरत नाही, कुणी हुकूम चुकवत नाही. आपण हा वेगळा खेळ खेळतो तो याच गोष्टींसाठी.

पुराव्याच्या बाजूनेही बघा. इथे तर साधनं एकमुखाने बोलतात. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला, तो चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहितो की राजाकडे शेकडो हत्ती आहेत आणि लढाईपूर्वी त्यांना मद्य पाजून मग शत्रूवर सोडतात; पुढच्या फळीचे वीरही तसेच पिऊन तुटून पडतात. म्हणजे आपल्याच मुलखातल्या सैन्याने बेभानपणा हेच हत्यार म्हणून वापरलं होतं. मसुद्यातल्या चालुक्य यादीत हे हत्ती शांतपणे चाळीस मिमी पुढे सरकतात. वाचून वाईट वाटलं. इ.स.पू. २०२मध्ये झामाला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या ऐंशी हत्तींपैकी काही रणशिंगांच्या आवाजाने बिचकून त्याच्याच घोडदळावर उलटले, आणि रोमन सेनापती सिपिओने आपल्या रचनेत आधीच गल्ल्या सोडून ठेवल्या होत्या. हत्ती बिथरतच नसतील तर पुढच्या वेळी सिपिओ खेळणाऱ्याने गल्ल्या कशासाठी सोडायच्या?

आणि त्याआधी पाच वर्षं, मेटॉरसची लढाई. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की तिथे शत्रूपेक्षा माहुतांनीच जास्त हत्ती मारले. प्रत्येक माहुताजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती उधळून आपल्या माणसांवर जाऊ लागला की दोन कानांच्या मध्ये, मान डोक्याला मिळते तिथे छिन्नी ठेवून माहूत सगळ्या ताकदीने घाव घाली. ही युक्ती हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल याची. त्या माहुताचा विचार करा. ज्या जनावराला त्याने रोज चारा घातला त्याच्या मानेवर बसून त्याला हे ठरवायचंय, तेही क्षणात.

माझी सूचना यातूनच निघते. हत्तीच्या तुकडीला लढाईत मार बसला की फासा टाकावा. एक किंवा दोन पडले तर हत्ती बिथरला, आणि कोणत्या दिशेला जाईल हे दुसरा फासा सांगेल. पण दुसरा फासा पडण्याआधी मालकाला विचारावं : छिन्नी चालवायची का? चालवली तर हत्ती जागेवर उचलायचा, तो गमावला. नाही चालवली तर तो शत्रूत घुसेल किंवा आपल्यात. जो खेळाडू हत्तींमागे जागा सोडेल त्याला धोका कमी, जो पायदळाला चिकटवून उभे करेल त्याला जास्त. स्पर्धेतल्या मित्रांनो, यात नशीब आहेच, पण त्या नशिबाला तोंड कसं द्यायचं हे तुमच्या हातात राहतं. हत्तीचा नियम सरसकट काढण्यापेक्षा यात कौशल्याला जास्त वाव आहे, असं मला मनापासून वाटतं.

हुकमाच्या फाशाबद्दलही माझं हेच मत आहे. तो परत आणा. आणि दूर ठेवलेल्या तुकडीसाठी डावाआधी एका चिठ्ठीवर एक अट लिहून ठेवायची मुभा द्या, क्रेटरसच्या हुकमासारखी. चिखलाचा नियमही एका ओळीचा : पाऊस झाला असेल तर रथांना धडकेचा गुण नाही, आणि जमिनीवर टेकवून ओढायच्या लांब धनुष्यांचा मारा निम्मा. कोकणात राहणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र मसुद्यात असायलाच हवी होती. आपण समुद्रकाठी बसून नियम लिहितोय आणि एवढ्या पानांत नौकांसाठी एक ओळ नाही. शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात कवी रविकीर्ती सांगतो की पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना जिंकलं आणि मदमत्त हत्तींच्या कळपांसारख्या शेकडो नावा नेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीला वेढा घातला. ती पुरी म्हणजे घारापुरी, असं काही अभ्यासक म्हणतात; काही राजपुरी म्हणतात. दोन्ही ठिकाणं आपल्या किनाऱ्यावरचीच. बोरिवलीजवळच्या एक्सरला वीरगळ आहेत. त्यांवर हत्तींची झुंजही कोरलीय आणि वल्ह्यांच्या नौकांच्या रांगाही. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो. मी ते दगड जवळून पाहिलेत. एका ओळीत वल्ही इतकी दाटीने कोरलीत की बोट फिरवून मोजावी लागतात. नावेतून सैन्य काठावर उतरवण्याचे, भरती-ओहोटीचे आणि खाजणात घोडदळ अडण्याचे नियम दोन पानांत होतील. पुरीचा वेढा जगात दुसरं कुणी टेबलावर मांडणार नाही. मांडला तर आपणच.

समितीला माझी विनंती आहे की दिवाळीनंतरच्या मेळाव्यात मतदान घेऊ नका. त्याऐवजी त्या दिवशी दोन टेबलं लावा. दोन्हींवर झेलमची लढाई, एका टेबलावर मसुद्याने, दुसऱ्यावर जुन्या नियमांत वरच्या दुरुस्त्या घालून. दुरुस्त्यांची तीन पानं मी टाइप करून ठेवलीत, समितीच्या प्रत्येकाला या आठवड्यात पाठवतो. दोन्ही टेबलांवर निम्मे खेळाडू नवे असू द्या आणि कुडाळच्या त्या मुलालाही पोरसाच्या बाजूला बसवा. शेवटच्या एसटीआधी कोणतं टेबल निकालाला पोचतं ते बघू. आणि डाव संपल्यावर दोन्हीकडच्या सेनापतींना एकच प्रश्न विचारू, की आज तुम्हाला सगळ्यात अवघड काय ठरवावं लागलं. मतदान त्यानंतर संक्रांतीच्या बैठकीत घ्यावं. माझी पानं मागे पडली तर मसुद्याचे तक्ते छापायला मी स्वतः मदत करीन.

नौकांच्या नियमांसाठी ज्यांना बरोबर काम करायचंय त्यांनी मला कळवा. दाभोळ किंवा मालवणकडचं कुणी, ज्याच्या घरी होडी आहे आणि ज्याला भरतीच्या वेळा तोंडपाठ आहेत, असा माणूस मिळाला तर फार बरं होईल.

आपला,
गटातला एक जुना खेळाडू
रत्नागिरी